मधुमेह : रक्तवाहिन्या व फुप्फुसे

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास ती प्रथिनांना चिकटते व वाहिन्यांचे अस्तर बिघडते. मोठ्या धमन्यांत मेद साचून हृदयविकार व पक्षाघात संभवतो. केशवाहिन्या जाडावल्याने डोळे, मूत्रपिंडे व चेता यांची हानी होते. बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावात याची झळ पायाला बसते. पऱ्हाटीचा खुंट बधिर तळव्यात रुतला तरी कळत नाही आणि रक्तपुरवठा अपुरा असल्याने जखम चिघळते. रोज रात्री तळवे पाहणे औषधाइतकेच मोलाचे आहे. सडपातळ माणूसही यातून सुटत नाही : बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही मेद अधिक असतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले.

फुप्फुसांकडे मात्र अन्यायकारक दुर्लक्ष होते. सुमारे ३० कोटी वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या जाडावल्या की ऑक्सिजन रक्तात उतरण्यास अडथळा येतो. कोलॅजन ताठरल्याने फुप्फुस पुरते फुलत नाही. राखीव क्षमता मोठी असल्याने हे वर्षानुवर्षे जाणवत नाही. क्षयाचा धोकाही दोन ते तीन पट वाढतो. म्हणून मधुमेही व्यक्तीचा दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला थुंकी तपासल्याविना सोडू नये.