एका ओळीची किंमत

भयानक आणि बीभत्स या दोन्ही रसांना भरतमुनींनीं नाट्यांत स्थान दिलें खरें. परंतु सुशिक्षित मंडळींच्या मनांत भुताखेतांच्या चित्रपटांविषयीं एक प्रकारची तुच्छताबुद्धि असते, आणि पुष्कळदां ती अगदींच अनाठायीं असते असें नाहीं. तथापि याच क्षेत्रांत असे एक कलावंत होऊन गेले कीं, त्यांच्या चरित्राकडे पाहिलें म्हणजे स्वतंत्र धंद्याचें सुख काय असतें आणि त्यासाठीं किंमत किती मोजावी लागते, या दोन्ही गोष्टी ध्यानांत येतात. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो हे ते कलावंत होत.

रोमेरो यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४० रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. शिक्षणासाठीं ते पिट्सबर्ग येथील कार्नेगी संस्थेंत आले आणि पुढें बरींच वर्षें त्याच गांवीं राहिले. अमेरिकेंत चित्रपटाचें माहेरघर म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील हॉलिवुड. पिट्सबर्ग हें तर पोलादाच्या भट्ट्यांचें गांव. तेथें बसून चित्रपट काढण्याची गोष्ट बोलणें म्हणजे लोकांच्या हंसण्यास कारण होणें. परंतु रोमेरो आणि त्यांचे मित्र यांनीं एक लहानशी कंपनी काढली व जाहिरातींच्या चित्रफिती करून चरितार्थास आरंभ केला. छायालेखन, प्रकाशयोजना आणि संकलन यांवर त्यांचा हात बसला तो याच कामांत.

इ. स. १९६७ सालीं दहा जणांनीं प्रत्येकीं सहाशें डॉलर घालून मोठ्या चित्रपटासाठीं भांडवल उभें केलें. पुढें भर पडत पडत एकूण खर्च सुमारें १,१४,००० डॉलरांवर गेला. हॉलिवुडच्या मानानें ही रक्कम अगदीं किरकोळ होती. पिट्सबर्गच्या उत्तरेस इव्हान्स सिटी नांवाचें एक लहान गांव आहे. त्याच्याजवळ पाडावयास काढलेलें एक शेतघर त्यांना मिळालें. चित्रण रंगीत नव्हतें, त्यामुळें रक्ताच्या जागीं चॉकोलेटचा पाक चालून गेला. मेलेलीं माणसें उठून जिवंतांवर तुटून पडतात, आणि एका घरांत कोंडले गेलेले सात जण बाहेरच्या संकटाशीं एकजुटीनें लढण्याऐवजीं आपसांत तंडत बसतात, एवढेंच कथानक. नायकाची भूमिका ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला मिळाली, ती परीक्षेंत त्यांचें काम सरस ठरलें म्हणून. हा नायक भयंकर रात्र एकट्यानें निभावून नेतो आणि सकाळीं, सुटकेसाठीं आलेल्या बंदूकधारी लोकांकडूनच, प्रेत समजून मारला जातो.

चित्रपटाची प्रत घेऊन आपण न्यूयॉर्ककडे निघालों असतां मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी मोटारींतील रेडिओवर ऐकली, असें रोमेरो पुढें सांगत असत. ती हत्या ४ एप्रिल १९६८ ची. त्या वर्षीं पडद्यावरील तो शेवट नुसती भयकथा राहिला नाहीं, यांत नवल तें कसलें! शेवट बदलून गोड करावा अशीही मागणी झाली. परंतु या मंडळींनीं तीस नकार दिला.

अखेरीस एक वितरक मिळाला व १ ऑक्टोबर १९६८ रोजीं पिट्सबर्गच्या फुल्टन नाट्यगृहांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ प्रथम दाखविला गेला. मात्र तत्पूर्वीं वितरकानें चित्रपटाचें नांव बदललें होतें. जुन्या नांवाच्या पाटीवरच स्वामित्वहक्काची ओळ होती. पाटी बदलतांना ती ओळ गळाली. १९०९ च्या अमेरिकन कायद्यान्वयें अशी सूचना नसलेली प्रकाशित कृति सर्वांच्या मालकीची होत असे. (ही अट १ मार्च १९८९ पासून उठली.) परिणाम असा झाला कीं, चित्रपट गांवोगांव गाजला, पुढें घराघरांतील चित्रफितींवरही पोंचला, परंतु कोणीही उठावें, प्रति काढाव्या आणि विकाव्या! ज्यांनीं तो घडविला त्यांच्या पदरीं त्या मानानें फारच थोडें पडलें.

दुसरा एखादा माणूस येथें कडवट होऊन बसला असता. रोमेरो यांचे त्यानंतरचे कांहीं चित्रपट चालले नाहींत. १९७३ मध्यें वृद्धांच्या हालअपेष्टांवर एका धार्मिक सेवासंस्थेनें करवून घेतलेला ‘द अम्यूझमेंट पार्क’ तर बाजूस पडून राहिला. तरी त्यांनीं पिट्सबर्ग सोडलें नाहीं. १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’चें चित्रण शेजारच्या मनरोव्हिल येथील प्रचंड बाजारसंकुलांत, दुकानें बंद झाल्यावर रात्रीं रात्रीं, करण्यांत आलें. मेल्यावरही संवयीनें बाजाराकडेच वळणारीं तीं प्रेतें पाहून प्रेक्षकांस भीतीबरोबर हंसूंही आलें, आणि त्या हंसण्यांत त्यांना आपलें स्वतःचें प्रतिबिंब दिसलें. १९८५ च्या ‘डे ऑफ द डेड’च्या वेळीं भांडवलदारांची अट होती कीं, हिंसाचार सौम्य करून मंडळाचें अनुकूल प्रमाणपत्र मिळवावें, म्हणजे सत्तर लक्ष डॉलर मिळतील, नाहीं तर त्याच्या निम्मे. रोमेरो यांनीं निम्मे घेतले, कथानकाला कात्री लावली, पण आपला हात बांधून घेतला नाहीं.

१९९९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा समावेश झाला. १६ जुलै २०१७ रोजीं टोरोंटो येथें रोमेरो निवर्तले. विस्मृतींत गेलेला वृद्धांवरील तो चित्रपट दुरुस्त होऊन २०१९ मध्यें पिट्सबर्गलाच दाखविला गेला.

गळालेल्या त्या एका ओळीनें रोमेरो यांचें द्रव्य नेलें. पण कोणीही फुकट दाखवावा असा झाल्यामुळेंच तो चित्रपट कानाकोपऱ्यांत पोंचला, हेंही तितकेंच खरें. त्या लाभहानीचा ताळा बसविणें सोपें नाहीं. स्वतंत्र कलावंतानें कागदपत्रांकडे दुर्लक्ष करूं नये, हा बोध उघडच आहे. परंतु कागदानें हिरावलें जात नाहीं असेंही कांहीं असतें. चित्रपटाची मालकी गेली. पुढचा चित्रपट कसा काढावयाचा, हें ठरविण्याचा हक्क मात्र त्या माणसानें निम्म्या पैशांतही आपल्या हातीं ठेवला.