आधी तेल, मग फोर्क

मंडळी, मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कची ही छोटी गोष्ट. इंग्लंडच्या स्कॉट गाडीला १९०८ सालीच नळीत नळी सरकणारे फोर्क होते. डेन्मार्कच्या निंबसलाही १९३४ मध्ये तसेच आले. पण दाबलेली स्प्रिंग उसळायचीच. तिला आवरणार कोण? १९३५ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर १२ च्या फोर्कमध्ये तेलाची योजना केली. बारीक वाटेने जाताना तेल अडते आणि उसळी जिरते.

आमच्या नातवाला आता महागडे फोर्क हवेत. मी म्हटलं, बाळा, नळी वाकलेली नसेल तर आधी कंपनीने सांगितलेलं ताजं तेल आणि नवे सील घालून बघ. थोडक्या पैशात भागलं, तर उरलेल्यात चांगलं हेल्मेट घे. आम्हा घरच्यांना तेवढीच निश्चिंती.