मूल्यांकनकारांविरुद्धच्या दाव्यांची मुदत (इंग्लंड आणि वेल्स)

घर, जमीन किंवा व्यापारी इमारतीची किंमत ठरवताना मूल्यांकनकाराने हलगर्जीपणा केला, तर त्याच्याकडून भरपाई मागण्यासाठी कायद्याने घालून दिलेला काळ. 1980 च्या मुदत कायद्यानुसार तो सहा वर्षांचा आहे. करारभंगाच्या दाव्यात ही वर्षे करार मोडल्यापासून, म्हणजे बहुधा चुकीचा अहवाल दिल्यापासून मोजतात. हलगर्जीपणाच्या दाव्यात मात्र प्रत्यक्ष नुकसान झाल्यापासून. आकड्याबद्दल कुणाचा वाद नसतो. कोर्टात झुंज चालते ती नुकसान नेमके कधी झाले यावर.

दावा मुळात कोण लावू शकतो, हे 1989 साली ‘स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केले. एका बाईंनी 18,000 पाउंडांना साधे घर घेतले. कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेल्या मूल्यांकनकाराच्या अहवालात मोठ्या दुरुस्तीची गरज नसल्याचे म्हटले होते. खालच्या भिंतीचा भाग पूर्वीच काढून टाकल्यामुळे धुराड्याला आधारच उरला नव्हता, हे त्याने तपासले नव्हते. दीड वर्षाने विटा छत फोडून खाली आल्या. अहवाल संस्थेसाठी असला तरी सामान्य खरेदीदार त्यावरच विसंबून आयुष्याची पुंजी घालतो. म्हणून मूल्यांकनकार त्यालाही जबाबदार, असा निकाल लागला. ज्यांच्याकडे दुसरा तज्ज्ञ नेमण्याइतके पैसे नसतात अशा लाखो कुटुंबांना या निकालाने हक्क दिला.

पण हक्क मिळाला तरी घड्याळ लवकर सुरू होते. खरेदीच्या कराराने ग्राहक बांधला गेला त्याच दिवशी त्याचे नुकसान झाले, असे न्यायालये धरतात, कारण त्याने जास्त पैसे मोजून कमी मोलाची वस्तू पत्करलेली असते. तडे सातव्या वर्षी दिसले तर?

या प्रश्नाने 1983 साली अन्यायाचे टोक गाठले. साउथॅम्प्टनच्या पिरेली कारखान्यातील धुराड्याला 1970 पर्यंत आतून तडे गेले होते. मालकांना ते 1977 मध्ये कळले आणि त्यांनी पुढच्या वर्षी सल्लागार अभियंत्यांवर दावा लावला. तडे गेले तेव्हापासून मुदत धरली गेली आणि दावा मुदतबाह्य ठरला. पीठावरील लॉर्ड स्कारमन यांनी स्वतःच हा कायदा कठोर असल्याचे नोंदवले. त्यानंतर 1986 साली ‘लेटंट डॅमेज ॲक्ट’ आला. हलगर्जीपणाच्या दाव्यात आता सहा वर्षे उलटली तरी, नुकसानाची पुरेशी माहिती झाल्यापासून किंवा व्हायला हवी होती तेव्हापासून तीन वर्षे मिळतात. मात्र चुकीच्या कृत्यानंतर पंधरा वर्षे झाली की दार बंद. मूल्यांकनकाराने दोष मुद्दाम दडवला असेल तर ही पंधरा वर्षांची मर्यादाही त्याला वाचवत नाही. दोन्ही बाजूंचा विचार करणारी ही व्यवस्था आहे. फक्त करारावर आधारलेल्या दाव्याला तिचा लाभ नाही, ही उणीव बोचते.

बँकांचे प्रकरण वेगळे. कर्जदार हप्ते भरत असेल, तर तारणाची किंमत फुगवलेली असूनही बँकेचे काही गेलेले नसते. नायक्रेडिट खटल्यात (1997) मार्च 1990 मध्ये 35 लाख पाउंड किंमत ठरलेल्या मालमत्तेवर 24.5 लाखांचे कर्ज दिले गेले. खरी किंमत 20 लाखांच्या आसपास होती, आणि कर्जदाराने लगेचच पैसे थकवले. 1993 मध्ये ती मालमत्ता अवघ्या 3.45 लाखांना विकली गेली. भरपाईवरील व्याज कधीपासून, एवढाच मुद्दा शिल्लक होता. पण त्याचे उत्तर देताना लॉर्ड्सनी मुदतीचाही निकष घालून दिला. कर्ज दिले नसते तर बँकेच्या हाती काय असते आणि कर्जदाराची पत व खरे तारण मिळून आता काय आहे, याची तुलना करायची. दुसरी बाजू पहिल्यांदा कमी पडली, तेव्हा दाव्यास कारण घडले.

चुकीच्या मूल्यांकनाचा भार एकट्या माणसावरही पडतो. 2001 च्या एका अपिलात मूल्यांकन करणाऱ्या फर्मचा मालक दिवाळखोर झाला होता, विमाही संपला होता. तेव्हा पगारी नोकर असलेल्या मूल्यांकनकाराला वैयक्तिकरीत्या भरपाई द्यायला लावली गेली. व्यवसाय बंद झाल्यावरही किमान सहा वर्षे विमा चालू ठेवावा, असा आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेचा नियम आहे, आणि अशा प्रसंगी त्याचे मोल कळते.

महाराष्ट्रात, उर्वरित भारताप्रमाणेच, 1963 चा मुदत कायदा लागू आहे. अशा दाव्यांना साधारणपणे तीन वर्षे मिळतात, फसवणूक झाली असेल तर ती उघड झाल्यापासून. ग्राहक आयोगाकडे जायला 2019 च्या कायद्याने दोन वर्षे ठेवली आहेत. मोठा फरक असा की, इंग्लंडमध्ये मुदतीचा मुद्दा प्रतिवादीने उपस्थित करावा लागतो. भारतात त्याने तो घेतला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे कोर्टावर बंधनकारक आहे.