कोरड्या खंडातली माणूसमोजणी

१८६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीचे सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज गॉयडर दुष्काळ कुठवर पोचला आहे हे पाहायला घोड्यावरून निघाले. परतल्यावर त्यांनी नकाशावर एक रेषा ओढली. तिच्या दक्षिणेला नांगर धरावा. उत्तरेला मेंढ्या चाराव्यात, पिकाचा भरवसा धरू नये. वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस जिथवर पडतो, तिथूनच ही रेषा जाते. पुढची काही वर्षं पाऊस बरा झाला आणि नव्या जमिनीसाठी आसुसलेल्या शेतकऱ्यांना रेषा जाचू लागली. नांगरामागून पाऊस येतोच, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जाई. १८७४ मध्ये सरकारने निर्बंध उठवले. रेषेपलीकडे गहू डोलला, आखीव गावं वसली. १८८० नंतरच्या दुष्काळांनी त्यातली कित्येक उठवली. छपरं गेलेल्या दगडी घरांच्या भिंती तिथे अजून उभ्या आहेत.

ही जमीन किती माणसं पोसेल, हा प्रश्न पुढे सगळ्या देशाचा झाला.

पहिल्या महायुद्धानंतर दहा कोटींहून अधिक वस्तीच्या ऑस्ट्रेलियाची स्वप्नं रंगवली जात होती. कॅप्टन स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेवर जाऊन आलेले भूगोलतज्ज्ञ ग्रिफिथ टेलर मात्र पर्जन्यमानाचे नकाशे पुढे करत. विसावं शतक संपताना आकडा दोन कोटींच्या आसपासच असेल, असं त्यांचं गणित होतं. देशाच्या मोठ्या भागाला ‘वाळवंट’ म्हणणाऱ्या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर पश्चिम ऑस्ट्रेलियात बंदी आली. १९२८ मध्ये टेलर शिकागोला निघून गेले. २००० साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या भरली सुमारे १ कोटी ९० लाख.

१९४२ मध्ये जपानी विमानांनी डार्विन शहरावर बॉम्ब टाकले आणि मोकळी भूमी म्हणजे शत्रूला आमंत्रण, ही भीती घट्ट बसली. १९४५ मध्ये देशाचे पहिले स्थलांतरमंत्री झालेले आर्थर कॅलवेल यांनी ‘वस्ती वाढवा, नाहीतर नामशेष व्हा’ हा नारा धोरणात उतरवला. देशात तेव्हा पाऊण कोटीही माणसं नव्हती. दारं उघडली ती गोऱ्यांसाठी. वर्णभेदी धोरण पुरतं मोडीत निघायला १९७३ उजाडलं.

आलेल्यांच्या हातांना मोठं काम मिळालं ते स्नोई नदीवर. दक्षिणेकडे समुद्राला मिळणारी ही नदी अडवायची, बोगद्यांतून डोंगरापलीकडच्या मरे आणि मरंबिजी नद्यांत सोडायची आणि वाटेत वीज करायची, अशी ती योजना. १९४९ ते १९७४ या काळात ३० हून अधिक देशांतले एक लाखावर कामगार तिथे राबले. १२१ जणांचा जीव गेला. १६ मोठी धरणं बांधली गेली, जिंडाबाइन हे जुनं गाव जलाशयाखाली गेलं. तिथल्या धरणाखाली नदीचं जेमतेम १ टक्का पाणी उरलं. वळवलेलं पाणी मुख्यतः शेतीच्या पाटांना गेलं. नव्या नागरिकांच्या शहरी नळांचा त्यात वाटा थोडा. नदीकाठच्या लोकांनी तक्रार लावून धरली. १९९९ मध्ये क्रेग इंग्रॅम हे अपक्ष उमेदवार स्नोईच्याच प्रश्नावर व्हिक्टोरियाच्या विधानसभेत निवडून आले. पुढच्याच वर्षी, टप्प्याटप्प्याने २८ टक्के प्रवाह नदीला परत देण्याचा करार झाला.

वाद मात्र डोकी मोजण्याभोवतीच फिरत राहिला. २००९ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी ‘मोठ्या ऑस्ट्रेलिया’ची बाजू घेतली, २०५० पर्यंत साडेतीन कोटींहून अधिक वस्तीचा अंदाज तेव्हा समोर होता. २०१० मध्ये पर्यावरणप्रेमींच्या एका मोठ्या संस्थेने लोकसंख्यावाढच निसर्गाला धोकादायक प्रक्रिया म्हणून सरकारी यादीत नोंदवण्याची मागणी केली. रानटी ससे आणि कोल्हे असलेल्या त्या यादीत माणसांची वाढ काही आली नाही. त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांनी ‘मोठा’ हा शब्द टाकून ‘शाश्वत’ शब्द धरला.

२०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल भारतात जन्मलेल्यांचा क्रमांक लागला. त्यांचे मोठे समूह मेलबर्न-सिडनीत राहतात. नद्यांचं पाणी मात्र मुख्यतः शेतीकडे गेलेलं: स्नोईचं पाणी जिथे वळवलं त्या मरे-डार्लिंग खोऱ्यात २०१२ च्या आराखड्याने वर्षाला २,७५० अब्ज लिटर पाणी नद्यांना परत द्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी सरकारला शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घ्यावे लागले.