लोणारचा खार आणि गावचे सांडपाणी

दैत्यसूदनाच्या मंदिरामुळे व धारेच्या अखंड प्रवाहामुळे ज्या कसब्याला यात्रेकरू ओळखत, त्याच कसब्याला सरकारी दप्तर मात्र तेथील खारामुळे ओळखत होते. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या मेहकर सरकाराचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख येतो तो काच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांसाठी आणि त्यांपासून मिळणाऱ्या महसुलासाठी. उन्हाळ्यात तेथील खाऱ्या सरोवराचे पाणी हटले की काठाशी खार साचे, आणि तो काढून वाळवणारे लोक त्याच्या प्रतीप्रमाणे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे देत. प्रयोगशाळेपूर्वीचे ते रसायनज्ञानच होय.

हे सरोवर ज्या विवरात आहे त्याची नोंद १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केली. पुढे भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने त्याला ज्वालामुखीजन्य ठरविले. १९१२ मध्ये ला टूश व ख्रिस्टी यांनी येथील भूरचना व क्षार यांचे विवेचन प्रसिद्ध केले. आणि अखेर १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रचंड आघाताने रूपांतरित झालेल्या बेसाल्टच्या पुराव्यावरून, हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापातानेच झाले असे सिद्ध केले. या थोर परंपरेचे लक्ष खडकाकडे व खाराकडे होते. काठावर वाढणाऱ्या वस्तीकडे ते वळले फार उशिरा.

वस्तुतः सरोवराला बाहेर जाण्याची वाटच नाही: पाणी वाफ होऊन उडते आणि त्यासोबत आलेले बहुतेक सर्व द्रव्य तळाशी उरते, म्हणून नगर परिषदेच्या हद्दीतून उतरणारे सांडपाणी या सरोवराच्या वहीत कायमचे जमा होते. गोडे पाणी अधिक आले तर क्षारता उतरते, कमी झाले तर चढते. जून २०२० मध्ये पाणी घटले, सरोवर गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न तोवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलेलाच होता, आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही पाण्याच्या परीक्षेत उतरले. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले.

माझ्या मते याहून निकडीचे काम लहान आणि कंटाळवाणे आहे: लोणार ज्याच्या कक्षेत येते ते विद्यापीठ १९८३ पासून अमरावतीत आहे, त्याने आणि नगर परिषदेने मिळून दरमहा विवरात उतरणाऱ्या सांडपाण्याचे मोजमाप व सरोवराच्या पाण्याचे पृथक्करण एकाच दप्तरात नोंदवावे, आणि ते दप्तर लोणारातच, कोणाही रहिवाशाला पाहता येईल असे ठेवावे.