मधुमेह स्वयंव्यवस्थापन शिक्षण (खानदेश)

टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णाला आहार, औषधे, साखरतपासणी व पायांची निगा यांबाबतचे रोजचे निर्णय स्वतः घेता यावेत, म्हणून त्याच्या बोली-चालीरीतींना धरून दिले जाणारे शिक्षण. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्ये रुग्णांसाठी हस्तपुस्तिका काढून या विचाराला बळ दिले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार (२०२३) देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत.

भुसावळ, यावल, रावेर पट्ट्यात लेवा गणबोली आणि धुळ्याकडे अहिराणी चालते. छापील प्रमाण मराठीतला आहारतक्ता त्यामुळे अनेकदा भिंतीवरच राहतो. ओट्स सुचवण्यापेक्षा ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी किती खायची, हे सांगणे उपयोगाचे. खरी कसोटी सणावारांत लागते. कानबाई देवीच्या सणातले प्रसादाचे रोट संपेपर्यंत तेच खाण्याची रीत आहे. वरण-बट्टीवर तूप हात राखून वाढणे हा तर पाहुण्याचा अपमान. श्रावणातल्या उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उलट, ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन कडकडीत उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. लोको पायलटच्या जेवणाला ठरावीक वेळ नसते, म्हणून ‘सकाळी आठला नाश्ता’ हा सल्ला त्याच्या कामाचा नाही. साखर उतरून घाम, थरथर जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे त्याला माहीत हवे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. फ्रिज नसलेल्या घरी इन्सुलिनची वापरातली कुपी ओल्या मातीच्या भांड्यात, पाणी लागू न देता ठेवतात.