आकडे उरतात, अर्थ हरवतो

चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या प्रयासाने दिल्लीस आणविले. त्यांवरील अक्षरे शाबूत होती; परंतु ती वाचण्यासाठी बोलाविलेल्या पंडितांपैकी एकालाही त्यांचा अर्थ लागला नाही. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे तो दगड बोलू लागला. मजकूर शतकानुशतके उभा होता. वाचकांची परंपरा मात्र मध्येच खंडित झाली होती.

श्रोतेहो, आजच्या विज्ञानापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. दुर्बिणी, उपग्रह आणि प्रयोगशाळा यांतील नोंदी आता बहुतांशी अंकरूपात साठविल्या जातात. शून्य आणि एक यांच्या त्या रांगा मनुष्याच्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या वाचावयास यंत्र लागते, यंत्रास आज्ञावली लागते, आणि कोणता आकडा कशाचे माप आहे हे सांगणारे टिपण लागते. यांतील एक दुवा निखळला, की साऱ्या संग्रहाची गत त्या स्तंभासारखी होते. फरक इतकाच, की दगड शतके वाट पाहू शकतो. चुंबकीय फीत काही दशकांतच खराब होऊ लागते.

याचा अनुभव विज्ञानाने घेतला आहे. १९७६ साली दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली आणि तेथील मातीत जीवसृष्टीचा माग लागतो का, हे त्यांनी प्रयोग करून पाहिले. सुमारे दोन दशकांनंतर अमेरिकेतील संशोधक जोसेफ मिलर यांनी त्या प्रयोगांचे मूळ आकडे मागितले. फिती सापडल्या, पण त्यांवरील नोंदींची मांडणी कशी केली होती, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. अखेर कागदावर छापून ठेवलेल्या जुन्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. त्या आकड्यांत सजीवांच्या दैनंदिन लयीसारखी लय दिसते, असे मिलर यांचे प्रतिपादन होते. ते पुष्कळांना पटले नाही. परंतु एखादे मत खोडून काढावयाचे झाले तरी मूळ आकडेच हाताशी असावे लागतात. ते नसतील तर वाद मिटत नाही, केवळ थांबतो.

दुसरी कथा चंद्राची आहे. १९६६-६७ मध्ये पाच ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठविली आणि ती मोठमोठ्या फितींवर उतरविण्यात आली. त्या फिती वाचणारी यंत्रे कालबाह्य होऊन मोडीत निघाली. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी फिती तर टिकविल्याच, शिवाय टाकून दिलेली यंत्रेही स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये सांभाळून ठेविली. पुढे कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात, एका बंद पडलेल्या उपाहारगृहात, ती यंत्रे दुरुस्त करण्यात आली. २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे चित्र २००८ साली फितीवरून पुन्हा वाचून अंकरूपात आणले गेले, आणि ते पूर्वी कधी दिसले नव्हते इतके स्पष्ट दिसले. एका बाईंच्या चिकाटीने हा ठेवा वाचला, ही गोष्ट कौतुकाची खरी; पण राष्ट्राचा ठेवा कोणाच्या तरी गॅरेजच्या भरवशावर असावा, ही तितकीच चिंतेचीही आहे.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एकाएकी उजळलेला प्रखर प्रकाश पाहिला. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूची विलक्षण हलू लागली. तेथील निरीक्षकांनी थोड्या थोड्या वेळाने तिचे स्थान डोळ्यांनी वाचले आणि ते आकडे वहीत नोंदविले. पुढच्याच वर्षी ते छापून प्रसिद्ध झाले. १४४ वर्षांनी, २००३ साली, सुरुतानी, गोन्झालेस, लखिना आणि अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून दाखवून दिले, की त्या दिवशी कुलाब्यास क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटले होते. ही माहिती केवळ कुतूहलाची नव्हे. मार्च १९८९ मधील चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेवाचून राहिले. १८५९ चे वादळ त्याहूनही प्रबळ होते असे मानले जाते. असे वादळ किती मोठे असू शकते, हे वीज-अभियंत्यांना कळावयास हवे. आणि त्याचे उत्तर कुलाब्याच्या त्या जुन्या आकड्यांत आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय मापने बिघडणार, म्हणून वेधशाळेचे हे काम अलिबागला हलविण्याचे ठरले. परंतु जुने एकदम बंद करून नवे सुरू केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेविली. त्यामुळे दोन स्थानांतील फरक कळला आणि मापनाची मालिका अखंड राहिली. आजही संगणकावरील संग्रह जुन्या साधनांतून नव्या साधनांत नेताना, दोन्ही काही काळ शेजारी चालवून ताडून पाहावेत, यापरता शहाणा नियम नाही.

जगातील जाणत्यांनीही ही वाट ओळखली आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जमलेल्या आकड्यांच्या प्रती निरनिराळ्या देशांतील केंद्रांत ठेवण्याची व्यवस्था झाली. एकीकडे आग लागली तरी दुसरीकडे ठेवा राहावा, हा हेतू. २००२ साली अंतराळसंस्थांनी मिळून अभिलेखागाराचा एक आदर्श आराखडा सिद्ध केला. त्यातील मर्म असे, की नुसते अंक जपून भागत नाही; भावी वाचकाला ते समजतील इतके स्पष्टीकरण त्यांच्यासोबत जपले पाहिजे, आणि काळ बदलला की तेही अद्ययावत केले पाहिजे.

हे काम कधी संपत नाही, आणि त्यात कीर्तीही फारशी नाही. नवी दुर्बीण उभारण्यास पैसा मिळतो. जुन्या नोंदी दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरविण्यास तो सहसा मिळत नाही. तरीही अंदाजपत्रकात वेधयंत्राच्या शेजारीच त्याच्या नोंदींच्या जतनाचा खर्च मांडला गेला पाहिजे. १८५९ च्या त्या सकाळी कुलाब्याला सूचीवर डोळा ठेवून बसलेल्या निरीक्षकांना आपल्या आकड्यांचा उपयोग कोणास, कधी होईल याची कल्पना नव्हती. त्यांनी ते नीट लिहिले आणि पुढच्यांनी ते नीट ठेविले, एवढ्यावरच आपले आजचे ज्ञान उभे आहे.